कर्जत, कसारा, विरार की पनवेल?

मुंबईतून बाहेर पडणारं मराठी कुटुंब पूर्वी गाव निवडत नसे. एखादा मामा किंवा साडू आधीच डोंबिवलीला गेलेला असे. त्याच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये खोली रिकामी असल्याचा निरोप येई आणि दोन महिन्यांत टेम्पो भरला जाई. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला आणि गिरणगावातली कितीतरी घरं पुढच्या काही वर्षांत याच वाटेने डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरारला गेली. या पद्धतीला हसू नये. आधी गेलेल्या नातेवाइकाला नळाला पाणी किती वाजता येतं, रात्री अपरात्री कोणता डॉक्टर दार उघडतो आणि जुलैत कुठला रस्ता बुडतो, हे सगळं ठाऊक असे. आज बिल्डरची गाडी रविवारी दुपारी स्टेशनवर घ्यायला येते, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू असतो, चहा मिळतो, आणि गावाविषयी एक अक्षरही कळत नाही.

दोन-तीन माणसांच्या कुटुंबाचं अशाने फारसं बिघडत नाही. जमलं नाही तर अकरा महिन्यांनी ते दुसरीकडे जाईल. मोठ्या कुटुंबाला ही मोकळीक नसते. म्हणून या प्रकरणापुरतं एक कुटुंब डोळ्यांपुढे ठेवू. लालबागच्या चाळीत राहणारं, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजोबा गिरणीतले, आजींना गुडघ्यांचा त्रास. थोरला फोर्टमधल्या एका कचेरीत, थोरली सून घर सांभाळून ब्लाउज शिवते. धाकटा महापेच्या कंपनीत, धाकटी परळच्या रुग्णालयात नर्स. थोरल्याची मुलगी नववीत, मुलगा तिसरीत, धाकट्याचा मुलगा पाच वर्षांचा. एकूण नऊ माणसं. चाळीची पुनर्बांधणी लांबली आहे, खोली विकून किंवा भाड्याने देऊन बाहेर पडायचं ठरलं आहे.

अशा घरात चर्चा सुरू होते ती लोकलपासून. फोर्टला जायला किती वेळ, महापेला कसं जायचं, रात्रपाळीची गाडी मिळेल का. कमावणाऱ्यांचे प्रश्न आधी, हे स्वाभाविक आहे. पण जरा डोकी मोजा. सकाळी बाहेर पडून रात्री परतणारे तिघे. उरलेले सहा जण दिवसभर त्याच गावात असणार. थोरला आणि धाकटा ते गाव अंधारात पाहतील, किंवा रविवारी. बँकेची रांग, रेशन, शाळेची मीटिंग, आजोबांची शुगर, टाकीत पाणी चढलं की नाही, हे सगळं थोरल्या सुनेच्या वाट्याला येणार. तेव्हा पहिलं मत तिचं घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. आजोबांना विचारलंत तर ते म्हणतील, “आम्हाला काय, कुठेही चालेल.” या वाक्यावर अजिबात विश्वास ठेवू नये. जो असं म्हणतो, त्यालाच त्या गावात सर्वांत जास्त तास काढायचे असतात.

गावाच्या आधी घराचा एक प्रश्न मिटवून टाकावा: चुली किती? एकत्र राहायचं म्हणजे एका गॅसवर राहायचं, की एका मजल्यावर राहायचं? मुंबईबाहेरच्या गावांत बिल्डर प्रामुख्याने वन आणि टू बीएचके बांधतात. नऊ जणांना पुरेल असं थ्री बीएचके मिळालं तर ते स्टेशनपासून लांब, मोठ्या संकुलात आणि महाग. त्यापेक्षा एकाच मजल्यावरचे शेजारी-शेजारी दोन छोटे फ्लॅट मला अधिक शहाणपणाचे वाटतात. दोन संडास-बाथरूम होतात, आणि सहाच्या आत तिघांना आवरायचं असलेल्या घरात दिवाणखान्याच्या आकारापेक्षा ही गोष्ट मोठी. पुढे चुली वेगळ्या झाल्या तरी भांडण न होता होतात. विकायची वेळ आली तर छोट्या फ्लॅटला गिऱ्हाईक लवकर मिळतं. मधली भिंत पाडून जोडफ्लॅट करायचा मोह होईल, पण त्यासाठी महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार लागतो. सुताराने भिंतीवर टकटक करून दिलेला निर्वाळा पुरत नाही.

आकार विचारताना ‘कार्पेट’च विचारा. रेरा कायद्याने 2016 पासून त्याची व्याख्या पक्की केली आहे. आतल्या भिंती धरून वापरता येणारी जागा म्हणजे कार्पेट. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट त्यात येत नाहीत. बीडीडी चाळीच्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहिल्या, आणि पुनर्विकासात त्यांना 500 चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. नऊ जणांच्या घराला दोन फ्लॅट मिळून याच्या दीडपट तरी जागा हवी, असा माझा ढोबळ अंदाज.

आता लोकल. मध्य रेल्वेवर सीएसएमटीपासून ठाणे 34 किलोमीटर, डोंबिवली 48 च्या आसपास, कल्याण 54. तिथे फाटा फुटतो. एक मार्ग अंबरनाथ, बदलापूर करत 100 किलोमीटरवरच्या कर्जतला जातो, दुसरा टिटवाळा, आसनगाव करत 121 किलोमीटरवरच्या कसाऱ्याला. पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून विरार 60 किलोमीटर. हार्बरवर पनवेल 49. हे आकडे जाहिरातीत नसतात, तिथे फक्त ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’ असतं आणि ती मिनिटं कोणत्या वाहनाची ते सांगितलेलं नसतं.

पण किलोमीटरपेक्षा रुळांची संख्या पाहा. कल्याणपर्यंत जलद आणि धिम्या गाड्यांसाठी वेगळे रूळ आहेत. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाल्यावर मेल-एक्स्प्रेसची अडचण बरीच कमी झाली. कल्याणच्या पुढे मात्र लोकल, मालगाडी आणि मेल यांना त्याच मोजक्या रुळांवरून जायचं असतं. बदलापूरच्या दिशेने तिसरी-चौथी मार्गिका आणि कसाऱ्याच्या दिशेने तिसरी, ही कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यामुळे अंबरनाथ आणि वांगणीच्या मध्ये एखादं इंजिन बंद पडलं, तर मागची सगळी रांग थांबते. पश्चिमेला विरारपर्यंत चार रूळ आहेत, पुढे डहाणूकडे तीच तंगी. हार्बरवर तर पहिल्यापासून दोनच रूळ. तिथे फास्ट लोकल नाही, पनवेलहून सीएसएमटीला सव्वा तासाच्या वर लागतात, आणि ते बदलणार नाही असं धरूनच हिशेब करावा.

दुसरी गोष्ट, गाडी सुटते कुठून. कल्याण, बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल इथून लोकल सुटतात, म्हणजे लवकर गेलात तर बसायला मिळतं. डोंबिवलीला ‘डोंबिवली लोकल’ आहे, पण एरवीची गाडी तिथे भरूनच येते. सकाळी लटकून जाणाऱ्यांच्या कहाण्यांत या स्टेशनाचं नाव सर्वांत जास्त येतं ते उगीच नाही. 9 जून 2025 ला मुंब्रा आणि दिव्याच्या दरम्यानच्या वळणावर दोन गाड्यांतले दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले, काही जिवाला मुकले. घरातला तरुण ‘मी मॅनेज करीन’ म्हणतो, तेव्हा त्याला हे वळण माहीत असतं का, हे विचारावं.

आणि ‘मेट्रो येणार’, ‘विमानतळ येणार’ या शब्दांवर एक रुपयाही जास्त मोजू नये. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रोचं भूमिपूजन 2011 मध्ये झालं आणि 11 किलोमीटरची ती मार्गिका नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली. ज्याने 2011 मध्ये पहिलीतल्या मुलासाठी मेट्रोजवळ घर घेतलं, त्याचा मुलगा बारावी होऊन गेला. नवी मुंबईच्या विमानतळाच्या नावावर त्याआधीपासून फ्लॅट विकले जात होते, तिथून विमानं उडाली डिसेंबर 2025 मध्ये. आज जे चालू आहे, तेवढंच धरा. उद्याचं आलं तर नफा समजा.

आता पाण्याकडे वळू. माझ्या मते मोठ्या कुटुंबाने गाव निवडायचं ते पाण्यावर. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी दिवसाला 135 लिटर धरतं. नऊ जणांचे झाले 1215 लिटर, म्हणजे एका मोठ्या काळ्या टाकीहून जास्त. 10,000 लिटरचा टँकर मागवला तर तो अशा आठ घरांना एक दिवस पुरेल. दोघांच्या घराला पाणी एक दिवसाआड आलं तरी दोन पिंपांत भागतं. नऊ जणांच्या घराचा सगळा दिनक्रम बिघडतो, आणि तो सावरायचा कुणी, तर पुन्हा त्या थोरल्या सुनेने.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. धरण जवळ आहे म्हणून पाणी भरपूर, असं मुंबईच्या आसपास होत नाही. कसारा मार्गावरचा शहापूर तालुका पाहा. भातसा, तानसा, वैतरणा इथलं पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जातं, एकट्या भातशाचा वाटा मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या जवळपास. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर धावतात. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं. त्याचं पाणी कारखान्यांना आणि ठाणे, कल्याण, मीरा-भाईंदरच्या दिशेने जातं. बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीतून पाणी उचलून देतं. म्हणजे धरण कुणाच्या मालकीचं आणि तुमच्या नळाचा करार कुणाशी, हे बघावं लागतं. नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं केलं, म्हणून वाशी-नेरूळला उन्हाळा तितका जाणवत नाही. त्याच खाडीकाठच्या पनवेलला मात्र स्वतःचं देहरंगचं छोटं धरण आहे, बाकी पाणी दुसऱ्यांकडून घ्यायचं. एप्रिल-मे महिन्यात तिथे कपात ठरलेली. वसई-विरारची तहान बरीच वर्षं टँकरवाल्यांनी भागवली. सूर्या प्रकल्पाच्या 403 दशलक्ष लिटरच्या योजनेतून वसई-विरारसाठी 185 दशलक्ष लिटर ठरले आणि 2023 पासून ते पाणी येऊ लागलं, त्याने फरक पडला. पण शहरातल्या प्रत्येक इमारतीपर्यंत अधिकृत नळजोडणी गेली आहे असं नाही. त्यामुळे ‘विरारला पाणी आलं’ या बातमीवर न जाता त्या विशिष्ट सोसायटीच्या सेक्रेटरीकडे टँकरच्या पावत्या किती आहेत, ते बघा. मेंटेनन्सच्या हिशेबात ‘टँकर खर्च’ असा रकाना असतो. त्यातला मे महिन्याचा आकडा वाचला की गावाची कुंडली कळते.

पाणी कमी असण्याइतकाच पाणी जास्त होण्याचा त्रास. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी उल्हास नदीने बदलापूर आणि कल्याणच्या सखल भागाला काय केलं, ते मुंबईकर विसरले. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात उभी राहिली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्यात होतं, रुळांवर पाणी असल्याने लोकल बंद, मिठागरांत माणसं अडकलेली. हा वसईचा पट्टा मुळात खाड्या, मिठागरं आणि शेतीच्या बांधांचा. तिथल्या बावखलांनी, म्हणजे वाडीतल्या तळ्यांनी, पावसाचं पाणी धरून ठेवायचं. भराव घालून त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा पाण्याने रस्ते धरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध आवाज उठवला तो चेष्टेवारी नेणारे नंतर गुडघाभर पाण्यातून चालले.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. बदलापूर किंवा कल्याणमध्ये नदीच्या बाजूला घर बघत असाल, तर भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे हे नगररचना विभागात विचारता येतं. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे मागितले जातात, तिथे तर विचाराच. आजींचे गुडघे पाहता तळमजला बरा वाटेल, आणि मुंबईबाहेरच्या जुन्या ‘तळ अधिक चार’ इमारतींत लिफ्टही नसते. पण बुडणाऱ्या गल्लीतला तळमजला म्हणजे आजींना पहिल्याच मोठ्या पावसात खुर्चीवर बसवून वर न्यायची तयारी. लिफ्ट असलेली इमारत आणि दुसरा-तिसरा मजला, हे महाग पडलं तरी घ्यावं.

कागदांचा विषय कंटाळवाणा असतो, पण मुंबईच्या परिघात त्याने संसार रस्त्यावर आणले आहेत. डोंबिवलीत 65 इमारती अशा निघाल्या की ज्यांच्या बांधकाम परवानग्या बनावट होत्या. त्या कागदांच्या जोरावर बिल्डरांनी महारेराचा नोंदणी क्रमांकही मिळवला होता. उच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्या पाडायचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जमिनीवरच्या 41 इमारती 2025 च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. तिथल्या रहिवाशांनी पैसे मोजूनच घरं घेतली होती. आणि ऑगस्ट 2025 मध्ये विरारला एका चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून 17 जण गेले. महारेराचा क्रमांक आहे, बँक कर्ज देते आहे, शेजारचे राहताहेत, ही तीनही आश्वासनं या उदाहरणांपुढे लंगडी पडतात. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जायचं आणि हा जावक क्रमांक तुमच्या नोंदवहीत आहे का, असं विचारायचं. एक सकाळ जाते. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर अधिकृत नळजोडणीही अडते, म्हणजे पुन्हा टँकर.

जागा कुणाच्या हद्दीत येते, हेही पाहायचं असतं. कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 मध्ये झाली तेव्हा शेजारची 27 गावं तिच्यात होती, 2002 मध्ये ती बाहेर गेली, 2015 मध्ये परत आत आली, आणि भांडण त्यानंतरही मिटलं नाही. अशा गावाच्या हद्दीत टोलेजंग संकुल असलं तरी रस्ता, गटार आणि पाणी यांसाठी दाद कुणाकडे मागायची, हे रहिवाशांनाच कळेनासं होतं. डोंबिवलीचीच दुसरी बाजू एमआयडीसीची. 2014 मध्ये तिथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी आली, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला, आणि मे 2016 व मे 2024 मध्ये कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी लांबवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. दमेकरी घरात असेल तर एमआयडीसीजवळचा स्वस्त फ्लॅट शेवटी महागच पडतो.

हे सगळं वाचून डोंबिवलीवर फुली मारू नका. दिवसा गावात असणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं, तर डोंबिवली पूर्व आणि कल्याण पश्चिम ही मुंबईबाहेरची सर्वांत तयार गावं आहेत. मराठी शाळा, शिकवण्या, पोळीभाजी केंद्रं, दहा पावलांवर डॉक्टर. गुढीपाडव्याची शोभायात्रा 1999 मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, ती आज महाराष्ट्रभर गेली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं आहे. संध्याकाळी आजोबांना कुठेतरी जाऊन बसायला हवं असतं, आणि नव्या संकुलातला ‘सीनियर सिटिझन कॉर्नर’ हा बहुतेक वेळा एक बाक आणि दोन कुंड्या असतो. जुन्या गावात अशी जागा आपोआप असते.

शाळेचं थोडक्यात. नववीतल्या मुलीला मध्येच हलवू नये. दहावीचं वर्ष जुन्या शाळेत, आत्याकडे राहून किंवा रोजचा प्रवास करून, पुरं करू द्यावं. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतो, तेव्हा ती नव्या गावचं कॉलेज सहज घेऊ शकेल. पाच वर्षांच्याला पुढच्या वर्षी पहिलीत घालायचं आहे. त्याच्यासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांचा विचार करत असाल, तर घर शाळेपासून किती अंतरात आहे ते नकाशावर मोजलं जातं आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. त्यामुळे पत्ता आधी बदलायला हवा. टेम्पो निघायचा तो मेमध्ये, हे जुनं गणित अजून बरोबर आहे.

आणखी एक निकष कुठल्याच मालमत्ता सल्लागाराकडे नसतो, पण चाकरमान्यांच्या घरात तो न बोलता चालतो: गावाकडची वाट. खानदेश-नाशिकच्या माणसाला कल्याण जवळचं, कारण तिकडच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात. पालघर-डहाणूच्या माणसाला वसई-विरार. कोकणातल्याला पनवेल. मुंबई-गोवा महामार्ग तिथून सुटतो, कोकण रेल्वेच्या गाड्या तिथे थांबतात, एसटीचं मोठं आगार आहे, आणि 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत असल्याने आजोबा मनात आलं की निघू शकतात. गणपतीला नऊ माणसं, गौरीचं सामान आणि दोन पिशव्या नारळ घेऊन विरारहून दादर गाठणं आणि पनवेलला फलाटावर उभं राहणं, यातला फरक लालबागकराला समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या कुटुंबाचा हिशेब मग कुठे येतो? बदलापूर आणि विरार या दोन्ही ठिकाणी जागा सर्वांत मोठी मिळेल. 2001 मध्ये बदलापूरची वस्ती एक लाखाच्या आत होती, 2011 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या जवळ गेली, आणि त्यानंतर ती किती झाली हे सकाळच्या फलाटावर उभं राहिलं की दिसतं. दवाखाने आणि शाळा त्या वेगाने वाढल्या नाहीत. पाण्याचे प्रश्न वर आलेच. ही दोन्ही नावं मी दोघातिघांच्या तरुण संसाराला सुचवीन, नऊ जणांना नाही. डोंबिवलीला गाडी भरूनच येते, म्हणून उरतात कल्याण आणि पनवेल. धाकटीचं परळचं रुग्णालय कल्याणहून सोपं, धिमी गाडी थेट परळला जाते आणि 2019 पासून परळहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. सकाळच्या सातच्या पाळीसाठी तिला पहाटे पाचच्या सुमाराला घर सोडावं लागेल, मग गाव कुठलंही असो. थोरल्याला फोर्टसाठी कल्याणची फास्ट लोकल सोयीची. पण धाकट्याचं महापे पनवेलहून ठाण्याकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर गाडीने एका झटक्यात होतं, कल्याणहून ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते. हार्बरचं कॉटन ग्रीन स्टेशन लालबागपासून चालत जाण्याजोगं आहे, म्हणजे नववीतल्या मुलीची शाळा, आत्याचं घर आणि गणेशगल्ली ही सगळी पनवेलच्या एकाच गाडीवर येतात. पनवेल ही महाराष्ट्रातली सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक, 1852 ची. महापालिका झाली 2016 मध्ये. जुन्या पनवेलचा बाजार, देवळं, वाडे, डॉक्टर हे सगळं गावासारखं जवळ-जवळ आहे. टाटा रुग्णालयाचं दुसरं मोठं केंद्र खारघरला आहे.

माझा कौल पनवेलला जातो, उन्हाळ्यातल्या पाण्याची अट घालून. जुन्या गावात, मोठी जमिनीखालची टाकी आणि चालू बोअर असलेली इमारत मिळाली तर. न मिळाल्यास कल्याण पश्चिम, आणि धाकट्याने रोज ठाण्याला गाडी बदलावी. घरातला एक जण गाडी बदलून दमला तर चालतं, सहा जण पाण्यावाचून दमले तर घर फुटतं.

पण हा कौल कागदावरचा. तो तपासायला एखाद्या बुधवारी सकाळी अकराला त्या गल्लीत जा, थोरल्या सुनेला बरोबर घेऊन, भावांना नको. भाजी घ्या, औषधाच्या दुकानात विचारा, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभे राहा. पूर्व-पश्चिम करायला पूल आहे की फाटक, जिना चढावा लागतो की सरकता जिना चालू असतो, हे आजींना नेऊन पाहा. जमलं तर जुलैत एकदा मुसळधार पावसात. शक्य असेल त्यांनी आधी अकरा महिने भाड्याने राहावं. लालबागची खोली तोवर सोडू नये, आणि नातेवाइकांना ‘दोन भाडी भरताय’ म्हणून हसू दे.

शेवटी घर घेताना दोन फ्लॅटचे दोन करारनामे करावेत, एकावर थोरला-थोरली, दुसऱ्यावर धाकटा-धाकटी. सगळं आजोबांच्या नावावर ठेवायची पद्धत आदराची असली, तरी वारसांची रांग लागते तेव्हा ती महागात पडते. महाराष्ट्रात घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. 50 लाखांच्या घरावर ते 50 हजार होतात. थोरल्या सुनेच्या नावावर घ्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न करारनाम्याच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना विचारावा, म्हणजे उत्तर सगळ्यांच्या देखत मिळतं.